विजेच्या मोटारीची दाणावैरण

वाहन आणि त्याचें पोषण हे दोन विषय एकमेकांपासून कधींच निराळे राहिलेले नाहींत. घोडा, बैलगाडी, आगगाडी, मोटार यांपैकीं कोणत्याही वाहनाचा इतिहास पाहूं गेल्यास त्याचा वेग किंवा डौल यांपेक्षां त्याला खाऊं कोण घालीत होतें, कोठें घालीत होतें आणि कोणाच्या पदरचें घालीत होतें, या साध्या गोष्टींनींच त्याचें भवितव्य पुष्कळदां ठरविलेलें दिसतें. आपल्याकडे विजेची मोटार आतां मोठ्या शहरांपुरती उरलेली नाहीं. तालुक्याच्या गांवीं व त्याही पलीकडे ती जाऊं लागली आहे. आणि तिच्याबरोबर एक लहानसा प्रश्नही प्रत्येक कचेरीच्या, शाळेच्या व कारखान्याच्या दारांत येऊन उभा राहिला आहे. धनी कामावर असतां त्याची मोटार तेथल्याच भिंतींतील साध्या प्लगला लावून ठेवावी कीं नाहीं? लावावी तर त्या विजेचे पैसे कोणी द्यावे? प्रश्न दोनचार रुपयांचा वाटतो. परंतु त्याचीं मुळें आपल्या इतिहासांत बरींच खोल गेलेलीं आहेत, आणि तीं उकलून पाहिल्यास आजचें उत्तरही कांहींसें सोपें होईल, असें आम्हांस वाटतें.

उदाहरणादाखल पिशोर हें गांव घेऊं. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे २०२३ पूर्वीचें औरंगाबाद, या जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यांत अंजना नदीच्या खोऱ्यांत हें मोठें, बाजारपेठेचें गांव वसलें आहे. शहरापासून तें पन्नाससाठ किलोमीटर दूर पडतें. एवढें अंतर मराठवाड्यांत आजकाल कोणी परगांव समजत नाहीं. शहरांत बिऱ्हाड ठेवून खेड्यांतील शाळा, बँक, दवाखाना किंवा तलाठ्याची कचेरी येथें रोज येऊन जाऊन नोकरी करणारे पुष्कळ, आणि उलट खेड्यांत घरदार ठेवून वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत कामास जाणारेही पुष्कळ. या रोजच्या वारीला लोकांनीं 'अपडाउन' असा सुटसुटीत शब्द घेतला आहे. विजेच्या मोटारीचा खरा उपयोग असल्या माणसालाच आहे. कारण तिची किंमत जास्त, पण चालविण्याचा खर्च थोडा, आणि जो रोज शंभर किलोमीटर चालतो त्यालाच ही बचत पदरांत पडते.

आतां हिशेब मांडून पाहूं. मध्यम आकाराची विजेची मोटार एका युनिटांत सहा ते सात किलोमीटर जाते. जाऊन येऊन एकशेंदहा किलोमीटर धरले तर सोळा ते अठरा युनिटें लागतील. आपल्या भिंतीवरील मोठा प्लग, ज्याला जुने लोक पंधरा अँपिअरचा म्हणतात व नव्या मानकांत जो सोळाचा आहे, तो तासाला सुमारें तीन युनिटें देऊं शकतो. म्हणजे सहा तासांत अठरा युनिटें. कामाचा दिवस सातआठ तासांचा असतो. तेव्हां पिशोरचा कामगार वाळूजला, किंवा शहरांतील शिक्षक पिशोरला, आपापल्या कामांत असतां दाराबाहेरची मोटार साध्या प्लगवरच जाण्यायेण्याचा सारा शिधा भरून घेऊं शकते. त्यासाठीं कोणतेंही अवजड यंत्र, निराळा पंप किंवा कंपनीचें ठाणें लागत नाहीं. पेट्रोलाच्या पंपाशीं तुलना केल्यास ही गति हास्यास्पद दिसेल. पंप जें काम दोन मिनिटांत करतो त्याला प्लगला अर्धा दिवस लागतो. परंतु मोटार तो अर्धा दिवस नाहीं तरी उभीच असते. आणि उभें असतां खाणें ही वाहनांची फार जुनी रीत आहे.

या रीतीचा पहिला दाखला आपल्या बाजाराच्या गांवांतूनच मिळतो. बैलगाडीवाला बाजारास निघे तेव्हां गाडींत मालाबरोबर कडब्याच्या चार पेंढ्याही टाकी. बाजारतळावर गाडी सोडली कीं जू खालीं टेकवून बैलांपुढें कडबा पसरावयाचा, आणि धनी देवघेव आटोपून येईपर्यंत बैलांनीं रवंथ करीत बसावयाचें, हा क्रम ठरलेला होता. बैलांना पाणी गांवच्या हाळावर मिळे व त्याचे पैसे कोणी मागत नसे. कडबा मात्र स्वतःचा. दुसऱ्याच्या गंजींतील पेंढी उचलली तर भांडण ठरलेलें. पाणी सर्वांचें आणि वैरण ज्याची त्याची, हा भेद कोणी लिहून ठेवला नव्हता. तरी तो सर्वांस ठाऊक होता. गांवच्या गायरानांत गुरें चरत, परंतु तेथेंही कोणाचीं किती गुरें व कोठवर, यासंबंधीं गांवाचा कांहीं धरबंध असे. धरबंध जेथें सुटला तेथें गायरान उजाड झालें.

दुसरा दाखला याहून मोठा आहे. मराठ्यांच्या घोडदळांत शिलेदार आणि बारगीर असे दोन वर्ग होते, हें वाचकांस विदितच आहे. शिलेदार आपला घोडा व आपलीं हत्यारें घेऊन चाकरीस येई. घोड्याची चंदी व वैरण त्याच्या मोबदल्यांतून निघे. बारगीर बसे तो घोडा सरकारचा. त्याची दाणावैरण सरकारी पागेंतून होई. सभासदाच्या बखरींत पागेची जी व्यवस्था दिली आहे तींत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि त्या पंचवीस घोड्यांमागें पाणी वाहणारा एक पखालजी व नाल ठोकणारा एक नालबंद सांगितला आहे. ही तपशिलाची गोष्ट दिसते, पण तिचा अर्थ मोठा आहे. घोडा ज्याच्या कामास लावावयाचा त्यानें केवळ चाऱ्याची तरतूद करून भागत नाहीं. पाणी आणणारा हात व खुरांची काळजी घेणारा हात हेही त्याच हिशेबांत धरावे लागतात, हें त्या व्यवस्थेनें ओळखलें होतें.

शिवाजी महाराजांनीं राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांस लिहिलेलें पत्र इतिहासाच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावूं नये, या त्यांतील ताकिदीमुळें तें बहुधा सांगितलें जातें. परंतु तें पत्र मुख्यतः दाणावैरणीविषयीं आहे, हें पुष्कळांच्या लक्षांत राहत नाहीं. पावसाळ्यासाठीं जमा करून ठेवलेला दाणा व गवत आतांच मनास येईल तसें उधळलें, तर ऐन पावसांत कांहीं मिळणार नाहीं. घोडीं उपाशी मरूं लागतील. मग लोक रयतेच्या घरांत शिरून धान्य, गवत, लांकूडफांटा नेऊं लागतील. आणि रयतेस मोगल बरे वाटूं लागतील, अशी त्या पत्राची विचारसरणी आहे. त्याच पत्रांत विस्तवाचीही ताकीद आहे. गवताच्या जवळ चुली पेटवूं नयेत, तंबाखू ओढतांना निखारा सांभाळावा, रात्रीं दिवा जळता ठेवूं नये, कारण उंदीर जळती वात ओढून नेईल आणि एका ठिणगीनें सारी गंजी व त्याबरोबर छावणी खाक होईल, असें महाराजांनीं बारकाईनें बजावलें आहे. सामायिक सांठ्याचा उपयोग, त्या उपयोगाची मर्यादा, मर्यादा सुटल्यास गरिबांवर येणारा भार, आणि आगीचें भय, हे चारही विषय त्या एका पत्रांत एकत्र आले आहेत. भिंतींतील प्लगासंबंधानें आपणांस ज्यांचा विचार करावयाचा तेही हेच चार विषय आहेत.

पुढें इंग्रजी अमलांत फिरतीच्या अंमलदारांस घोड्यासाठीं भत्ता मिळे. मग सायकल आली, मोटार आली, आणि वाहनभत्ता ही बाब कायमची झाली. हा शिलेदारीचाच प्रकार होय. धन्यानें रोख रक्कम द्यावी. वाहन व त्याचें पोषण चाकरानें आपलें पाहावें. पेट्रोलाच्या युगांत ही रीत निर्वेध चालली, कारण पेट्रोल कचेरीच्या भिंतींतून निघत नाहीं. तें भरावयाचें ठिकाण निराळें, तें विकणारा निराळा, आणि त्याचा हिशेब तेथल्या तेथें चुकता होणारा. धनी आणि चाकर यांच्यामध्यें वैरणीचा संबंधच उरला नव्हता. विजेच्या मोटारीनें तो संबंध पुनः जोडला आहे, कारण तिची वैरण धन्याच्या भिंतींत आधींच भरून ठेवलेली आहे.

कोणास वाटेल कीं विजेची मोटार ही अगदीं आजची वस्तु आहे. वास्तविक ती पेट्रोलच्या मोटारीच्या पाठीची आहे. फ्रान्समध्यें प्लांते यानें १८५९ सालीं शिशाची पुनः पुनः भरतां येणारी बॅटरी केली, फोर यानें १८८१ मध्यें ती सुधारली, आणि त्याच वर्षीं गुस्ताव्ह त्रूव्हे यानें पॅरिसमध्यें विजेची तीनचाकी चालवून दाखविली. १८९७ मध्यें लंडनच्या रस्त्यांवर विजेच्या भाड्याच्या गाड्या धांवूं लागल्या. १८९९ च्या एप्रिलांत कामीय झेनात्झी या बेल्जियन गृहस्थानें ताशीं शंभर किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडली, ती विजेच्या गाडींतून. अमेरिकेंत १९०० सालीं ज्या चार हजारांवर मोटारी तयार झाल्या त्यांत १६८१ वाफेच्या, १५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या.

मग विजेची मोटार मागें कां पडली? स्वस्त खनिज तेल, फोर्डची १९०८ ची स्वस्त गाडी, हातानें दांडा फिरविण्याचा त्रास घालविणारी १९१२ ची विजेची सुरुवात, हीं कारणें नेहमीं सांगितलीं जातात व तीं खरींही आहेत. परंतु एक कारण पोषणाचें होतें. त्या काळीं वीज फक्त शहरांत होती. शहरांतही ती सर्व घरांत नव्हती. आणि असली तरी एका वस्तींत एका जातीचा प्रवाह तर दुसरींत दुसऱ्या जातीचा, अशी स्थिति होती. बॅटरीस एकदिश प्रवाह लागतो. उलटसुलट वाहणारा प्रवाह एकदिश करण्यास पाऱ्याच्या वाफेचा मोठा कांचेचा फुगा असलेलें यंत्र बसवावें लागे, आणि तें श्रीमंतांस किंवा मोठ्या गाडीखान्यांसच परवडे. म्हणून पुष्कळ मालक आपली गाडी रात्रीं सार्वजनिक गाडीखान्यांत ठेवीत; ती एक प्रकारची पागाच होती. हार्टफर्ड शहराच्या वीजकंपनीनें १९१२ पासून बारा वर्षें भरलेल्या बॅटऱ्या बदलून देण्याचाही उद्योग केला. परंतु शहराच्या वेशीबाहेर गेलेल्या गाडीला यांतलें कांहींच नव्हतें. १९३५ च्या सुमारासही अमेरिकेंतील दहा शेतघरांपैकीं सुमारें एकाच घरांत वीज होती. पेट्रोल डब्यांत घालून कोठेंही नेतां येई. वीज नेतां येत नसे. जेथें प्लग नव्हता तेथें विजेची मोटार हरली, असा या इतिहासाचा इत्यर्थ आहे.

हिंदुस्थानची स्थिति याहून बिकट होती. १९४७ सालीं साऱ्या देशांत वीज पोंचलेलीं खेडीं सुमारें दीड हजारच होतीं. महाराष्ट्रांत वीज आधीं आली ती घरांसाठीं नव्हे. मुंबईंत १९०५ मध्यें स्थापन झालेल्या कंपनीनें १९०७ च्या मे महिन्यांत विजेची ट्रॅम सुरू केली. खोपोलीचें टाटांचें जलविद्युत्‌केंद्र १९१५ मध्यें चालू झालें तें मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठीं. म्हणजे आपल्याकडे वीज प्रथम कामाच्या ठिकाणीं आली आणि मग घरीं गेली. घरीं गेली तेव्हांही दिव्यांची वीज निराळी आणि 'पॉवर'ची निराळी, त्यांचे दर निराळे आणि पुष्कळ ठिकाणीं मीटरही निराळे, अशी रीत पडली. आपल्या भिंतींवर लहान व मोठे असे दोन प्रकारचे तीन गोल खिळ्यांचे प्लग आजही दिसतात, तें मूळ इंग्रजी वळण आहे. खुद्द इंग्लंडानें १९४७ नंतर चपट्या खिळ्यांचा नवा प्लग घेतला. आपण जुना ठेवला. त्या मोठ्या प्लगावर पुढें इस्त्री, शेगडी व पाणी तापविण्याची टांकी लागली. त्याच्यावर कधीं काळीं मोटार लागेल, ही कल्पना त्या वेळीं कोणासही नव्हती.

ती कल्पना आपल्याकडे खरी करून दाखविली ती २००१ मध्यें बंगळूरच्या चेतन मैनी यांच्या 'रेवा' या लहानग्या मोटारीनें. शिशाच्या बॅटऱ्यांवर चालणारी ही गाडी एका भरणींत सुमारें ऐंशीं किलोमीटर जाई, आणि तिची मोठी सोय हीच कीं ती घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर आठ तासांत भरे. त्याच सुमारास महाराष्ट्रांत फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेंत डॉ. अनिल राजवंशी यांनीं सायकलरिक्षा ओढणाऱ्यांचे कष्ट कमी व्हावे म्हणून विजेची रिक्षा तयार केली होती. आज गांवोगांवीं दिसणाऱ्या विजेच्या रिक्षांच्या आधींचें तें काम आहे. रेवा कंपनी २०१० मध्यें महिंद्रांकडे गेली. २०२० च्या जानेवारींत टाटांची नेक्सॉन बाजारांत आली. तिची लिथियमची बॅटरी तीस युनिटांची होती, आणि तीही साध्या प्लगवर आठनऊ तासांत भरत असे. अमेरिकेंत शंभर वर्षांपूर्वीं जी अडचण होती ती अशा रीतीनें दोन बाजूंनीं दूर झाली. प्रवाह बदलण्याचें यंत्र आतां मोटारीच्या पोटांतच असतें. आणि २०१८ च्या एप्रिलपर्यंत देशांतील प्रत्येक गांवीं विजेची तार पोंचल्याचें सरकारनें जाहीर केलें.

कायद्याची एक गांठ मात्र राहिली होती. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणें परवान्यावांचून कोणास वीज विकतां येत नाहीं. मग एखाद्या कारखानदारानें कामगाराकडून युनिटामागें पैसे घेतले तर ती विक्री होईल काय, अशी शंका होती. फुकट द्यावी तर धर्मादाय, विकत द्यावी तर गुन्हा, असा तो पेंच होता. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानें १३ एप्रिल २०१८ रोजीं खुलासा केला कीं मोटारीची बॅटरी भरून देणें ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे, आणि तिला परवाना नको. पुढें जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत असें स्पष्ट म्हटलें गेलें कीं मालकांनीं आपल्या घरीं किंवा कचेरींत, आहे त्याच वीजजोडणीवर, आपली मोटार भरण्यास हरकत नाहीं. महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगानेंही २०१८ मध्यें मोटारींच्या भरणीसाठीं स्वतंत्र दरवर्ग केला. कायद्याची वाट अशी मोकळी झाली.

याच २०२२ च्या आरंभीं औरंगाबादेंतील उद्योजक मंडळींनीं विजेच्या मोटारींची एकगठ्ठा खरेदी करण्याची मोहीम काढली. या शहराला अशा खरेदीची संवय आहे. २०१० च्या ऑक्टोबरांत तेथील धनिकांनीं दीडशें मर्सिडीज मोटारी एकदम घेतल्या तेव्हां देशभर बोलबाला झाला होता. त्या खरेदींत ऐश्वर्याचें प्रदर्शन होतें. या खरेदींत निदान कांहीं लोकहिताचा हेतु होता. २०२४ मध्यें बिडकीनच्या औद्योगिक वसाहतींत विजेच्या दुचाकींचा मोठा कारखाना काढण्याचें बंगळूरच्या एथर कंपनीनें जाहीर केलें. जिल्हा विजेचीं वाहनें बनविणारा होऊं पाहत आहे. परंतु तीं वाहनें भरावयाचीं कोठें, या प्रश्नाला कारखानदाराचें उत्तर एक असेल, आणि पिशोरसारख्या गांवच्या शाळेचें उत्तर निराळें असेल.

परदेशांतील एक प्रसंग येथें सांगण्याजोगा आहे. २०१३ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत एका गृहस्थानें आपल्या मुलाच्या शाळेच्या बाहेरील साध्या प्लगला मोटार लावली. वीस मिनिटांत जी वीज गेली तिची किंमत पांच सेंट होती. पुढें त्यास वीजचोरीबद्दल अटक झाली व तुरुंगांत रात्र काढावी लागली. ही बातमी जगभर गेली आणि बहुतेकांनीं पोलिसांस हंसण्यावारी नेलें. पांच सेंटांसाठीं तुरुंग हें अति झालें यांत संशय नाहीं. तरी त्या प्रसंगाची दुसरीही बाजू आहे. रक्कम लहान होती ती वीस मिनिटांची होती म्हणून. रोज सहा तास आणि महिन्याचे बावीस दिवस असा हिशेब केला कीं ती लहान राहत नाहीं. आपल्या उदाहरणांतील मोटार रोज अठरा युनिटें घेते. म्हणजे महिन्यास सुमारें चारशें. वीजदराच्या सर्वांत खालच्या टप्प्याची मर्यादा महिन्यास शंभर युनिटांची आहे. तेव्हां एक मोटार अशा चार घरांची वीज एकटी पिऊन टाकते.

आतां हीच मोटार जिल्हापरिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यांत उभी आहे अशी कल्पना करूं. बिल थकल्यामुळें खेड्यांतील शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या महाराष्ट्रांत वर्षानुवर्षें येत आल्या आहेत. तोडलेली वीज गांवानें वर्गणी काढून जोडून घ्यावी, आणि ती जोडल्यावर गुरुजींच्या मोटारीनें चारशें युनिटें घ्यावीं, हें कोणासही बरें दिसणार नाहीं. गुरुजींचा हेतु वाईट असेलच असें नाहीं. चहाची शेगडी, भ्रमणध्वनी, पंखा हीं सर्व त्याच विजेवर चालतात. मग मोटारीनेंच काय पाप केलें, असा युक्तिवाद सहज सुचतो. परंतु भ्रमणध्वनी वर्षभरांत जेवढी वीज घेतो त्याहून अधिक मोटार एका दिवसांत घेते. हाळावर बैलाला पाणी पाजणें आणि दुसऱ्याच्या गंजींतील कडबा उचलणें यांत जो फरक आपल्या शेतकऱ्यांस कळत होता, तोच हा फरक आहे.

उलट पक्षीं मोटार लावण्यास सरसकट मनाई करणें हाही शहाणपणा नव्हे. पिशोरला येणारा डॉक्टर किंवा बँकेचा कारकून यांस तेथें भरणीची सोय नसेल तर तो एक तर पेट्रोलचीच गाडी ठेवील, किंवा बदली करून घेईल. खेड्यांत चांगला माणूस टिकत नाहीं ही तक्रार जुनी आहे. त्याच्या येण्याजाण्याची सोय करणें हें गांवाच्याही हिताचें आहे. शिवाय विजेचे दिवस पालटत आहेत. २००५ नंतर कित्येक वर्षें भारनियमनानें मराठवाड्याच्या खेड्यांची जी दशा केली ती ज्यांनीं पाहिली त्यांस दिवसा वीज शिल्लक राहील हें खरें वाटलें नसतें. सूर्याची वीज दिवसा तयार होते. आणि घरीं रात्रीं भरणाऱ्या मोटारीपेक्षां कामाच्या ठिकाणीं दुपारीं भरणारी मोटार त्या विजेला अधिक जवळची आहे. मराठवाड्याचें ऊन हा आतांपर्यंत केवळ शाप समजला गेला; त्याचा असा उपयोग होणार असेल तर तो टाकून देऊं नये.

राहतां राहिली आगीची गोष्ट. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. एक अँपिअरवर दोनतीन पंखे व दिवे चालतात; मोटार तेरा अँपिअर घेते. प्रवाह तेरापट झाला कीं त्याच तारेंत उष्णता एकशेंएकोणसत्तर पट होते. इस्त्री तापली कीं आपोआप बंद पडते व तारेस उसंत मिळते; मोटार सहा तास उसंत देत नाहीं. जुन्या इमारतींतील बारीक तार, ढिली झालेली प्लगाची पकड, नांवापुरतें अर्थिंग, आणि त्यावर लांबविलेली जोडतार, अशी स्थिति असेल तर भिंतींत धुमसत राहणारा निखारा कोणास दिसणारही नाहीं. चिपळूणच्या छावणींत जळती वात ओढून नेणाऱ्या उंदराची जी भीति दाखविली होती, ती येथें अक्षरशः लागू आहे. आणि शाळेच्या बाबतींत ती गंजी म्हणजे मुलें बसलेला वर्ग आहे.

तेव्हां करावें काय? इतिहासानें तीन रीती आपल्यापुढें ठेविल्या आहेत. पागेच्या रीतीनें धन्यानें वैरण द्यावी. मोठ्या कारखान्यांस हें शक्य आहे, आणि त्यांनीं तें उघडपणें, सर्व दर्जाच्या कामगारांस सारखें द्यावें. साहेबांच्या मोटारीस फुकट आणि कामगाराच्या दुचाकीस मज्जाव, असें होऊं नये. शिलेदाराच्या रीतीनें ज्याची त्यानें वैरण भरावी. शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना अशा परक्याच्या पैशांवर चालणाऱ्या ठिकाणीं हीच रीत योग्य. तिसरी गायरानाची रीत, म्हणजे असेल त्यानें लावावें व कोणीं विचारूं नये. आज बहुतेक ठिकाणीं तीच नकळत चालू आहे, आणि गायरानांचें पुढें काय झालें हें आपण जाणतों.

शिलेदारी रीतीस लागणारी सामग्री फार नाहीं. मीटरापासून थेट काढलेली जाड तार, तिच्यावर गळती होतांच प्रवाह तोडणारा खटका, नीट पुरलेलें अर्थिंग, एकच भक्कम प्लग, आणि त्याच्या शेजारीं एक पोटमीटर. वायरमनचें हें दोन दिवसांचें काम आहे. खर्च ज्यांच्या मोटारी आहेत त्यांनीं वांटून घ्यावा. दर महिन्यास पोटमीटरचा आंकडा वहींत लिहावा आणि तेवढी रक्कम बिलांत भरावी. एकाहून अधिक मोटारी असल्यास पाळ्या ठरवाव्या. सहा तासांच्या दिवसांत दोन मोटारींस तीन तीन तास मिळाले तरी प्रत्येकीस घरीं परतण्यापुरती वीज मिळते. ही वही सर्वांस पाहण्यास उघडी असावी. पूर्वीं असला खुलेपणा कायद्याच्या भीतीनें कठीण होता; २०१८ च्या खुलाशानंतर तें निमित्तही राहिलेलें नाहीं.

पिशोरच्या बाजारतळावर आतां बैलगाड्या क्वचितच सुटतात. त्यांच्या जागीं मोटारसायकली उभ्या असतात, आणि पुढील दहापंधरा वर्षांत त्यांतील बऱ्याच विजेच्या असतील. त्या वेळीं शाळेच्या किंवा कचेरीच्या एका प्लगावरून गांवांत तंटे माजावे, कीं पोटमीटरची एक वही शांतपणें भरत जावी, हें आज पहिली मोटार लावणाऱ्या माणसाच्या वर्तनावर पुष्कळ अंशीं अवलंबून आहे. त्यानें प्रथम मुख्याध्यापकांस किंवा सरपंचांस विचारावें, तार तपासून घ्यावी, आणि पहिल्या महिन्याचे पैसे कोणीं मागण्यापूर्वीं भरावे. मागून येणारे त्याच्याच पावलावर पाऊल टाकतील.